खोका एकेचाळीस

एल्गिनच्या दफ्तरखान्यात हीटर दुपारी तीनला बंद होतो.
मग मी लोकरीचे मोजे चढवून वाचत बसते
ड्रमॉर्नीच्या सहाव्या अर्लला.

लडोव्हिक ऑर्ड. जन्म अठराशे एकोणीस.
बाप गेला तेव्हा हा अकरा वर्षांचा,
आणि एका सकाळीत त्याच्या नावावर चढले
दोन डोंगर, एक सरोवर, चारशे दहा चुली
आणि नदीतले सगळे सॅमन,
जन्मलेले नि अजून न जन्मलेले.

शाळेतून आईला पत्र:
इथे थंडी फार. लॅटिनमध्ये मार बसला.
कुत्रीला माझ्या खोलीत झोपू दे.
अक्षर वळणदार आहे.
गिचमिड पुढे सुरू होते,
सह्या वाढल्यावर.

मग लंडन. लॉर्डांच्या सभागृहात एकतीस वर्षं.
निवडून गेला होता, हे खरं;
मत देणारेही लॉर्डच होते.
मी मोजली, भाषणं भरली चार.
पहिलं सॅमनच्या जाळ्यांवर,
दुसरं दीपगृहाच्या करावर,
तिसरं पहिल्यातल्या एका आकड्याची दुरुस्ती.
चौथ्याचं नंतर सांगते.

आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकतात.
ह्याने लंडनहून मेंढ्या हाकल्या.
इकडे गीकी नावाचा कारभारी,
तिकडून आठवड्याला एक पाकीट,
आणि अठराशे एक्कावनच्या उन्हाळ्यात
वरच्या खोऱ्यातल्या चारशे दहा चुलींच्या
नव्वद उरल्या.
गीकीच्या वहीत हे तीन ओळींत मावतं.
लोकर काय भावाने गेली
त्याला अकरा पानं.

त्याच वहीत घडी घातलेला
बेथिया मॅकरेचा अर्ज.
लिहिला दुसऱ्या कुणी, खाली तिची फुली.
घर जाळा म्हणते, घर तुमचंच आहे,
पण छपराची तुळई नेऊ द्या.
फुटलेल्या गलबताची ती,
माझ्या माणसाने किनाऱ्यावरून
खांद्यावर आणलेली, सात मैल.
इथे लाकूड मिळत नाही हो, साहेब.

समासात अर्लच्या हातचे दोन शब्द:
विचार करू.
शेवटच्या अक्षरावर शाई फुटलीय.
जेवायला बोलावलं असेल.

इना म्हणाली, सूचीत लिही,
“अर्ज, शेऱ्यासह.”
लिहिलं.

आता चौथं.
अठराशे त्र्याहत्तर, मार्च, रात्रीचे पावणेअकरा.
सभागृहाच्या नोंदीत एवढंच:
माननीय अर्ल बोलले;
काय बोलले ते नीट ऐकू आलं नाही.
खोका एकेचाळीसमध्ये त्याचे कच्चे मसुदे आहेत.
चौदा. मी दोनदा मोजले.
प्रत्येकाची सुरुवात तीच,
“महोदय, एक तुळई”
आणि पुढे काट.
चौदा वेळा तो त्या तुळईपाशी आला
आणि चौदा वेळा तिथेच घोडं अडलं.
त्या रात्री पुढे गेला का,
हे पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक,
आणि ते बहुतेक झोपले होते.

गावच्या चौकात पुतळा आहे त्याचा,
हातात दगडी गुंडाळी.
कुठल्या भाषणाची, ते खाली कोरलेलं नाही.
बसची वाट बघताना मी रोज बघते,
डोक्यावर एखादा समुद्रपक्षी असतोच.

काल मृत्यूनंतरची यादी लागली हाती.
अभ्यासिका: टेबल एक, खुर्च्या तीन,
हरणांची शिंगं (किडलेली),
जुनी तुळई एक, भिंतीला टेकवलेली, किंमत नाही.

म्हणजे जळली नव्हती.
म्हणजे कुणी तरी ती तिकडून इकडे वाहिली,
आणि बावीस वर्षं हा माणूस
तिच्यासमोर बसून पत्रं लिहीत राहिला.
परत द्यायची म्हणून ठेवली?
की त्याचीच म्हणून?
त्याला तरी सांगता आलं असतं का?

मॅकरेबाईंचं जहाज हॅलिफॅक्सला लागलं
एवढं कळतं. पुढचं ह्या खोक्यात नाही.

तुळई अजून तळघरात आहे म्हणे,
वस्तू म्हणून सूचीत घ्यायची.
लांबी, रुंदी, वाळवी.
शेवटचा रकाना: मूळ मालक.
मी पेन्सिलीने लिहिलं, मॅकरे.
उद्या इना खोडेल.
रबर तिच्याकडेच असतं.